तुर्भे ते ठाणे: नव्यांसाठी आत्मपरीक्षण

"मावशी, चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घेण्याआधी पाळकसाहेब म्हणतात, आत्मपरीक्षण करा. सगळे डोळे मिटतात, मीही मिटते. पण आत नेमकं करायचं काय?"

दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या तयारीच्या, वर्गातल्या एका मुलीने उपासना सुटल्यावर चहाच्या रांगेत मला हे विचारलं. मला हसू आलं आणि पाठोपाठ लाजही वाटली. तिच्याहून तीस वर्षं जास्त मी त्या बाकावर डोळे मिटून बसले आहे, आणि त्यातल्या कितीतरी रविवारी त्या दोन मिनिटांत घरचा गॅस बंद केला की नाही एवढंच तपासलं आहे.

हा लेख तिच्यासाठी, आणि तिच्यासारख्या सगळ्या नव्यांसाठी. नुकतंच दृढीकरण झालेले, बऱ्याच वर्षांनी पुन्हा चर्चची पायरी चढणारे, आणि दर रविवारी येऊनही आत काही हलत नाही असं वाटणारे. मी पाळक नाही. वाशीच्या दाणा बाजारात एका पेढीवर हिशेब लिहिते आणि राहते ठाण्याला. सांगते ते काही जुन्या लोकांकडून उचललेलं आहे, काही रोजच्या गाडीत करून पाहिलेलं.

सुरुवातीला एक गैरसमज काढून टाकू. 'जगाचा मोह' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दारू, पत्ते, पूर्वी सिनेमा आणि आता मोबाइल येतो. लूकच्या शुभवर्तमानात २१व्या अध्यायाचं ३४वं वचन काढून बघा. अंतःकरणं जड होऊ देऊ नका, असं प्रभू शिष्यांना बजावतो, आणि ती कशाने जड होतात तेही सांगतो. अधाशीपणा, दारूबाजी आणि संसाराच्या चिंता. तिसरं नाव वाचून मी पहिल्यांदा थबकले होते. दारूच्या मांडीला मांडी लावून चिंता बसली आहे! घोडबंदरच्या फ्लॅटचा हप्ता, मुलाचा क्लास, सासूबाईंचा गुडघा, यातलं पाप कोणतं? एकही नाही. पण पेरणाऱ्याच्या दाखल्यात काटेरी झुडपं तरी कुठे वचनाचं बी उपटून फेकतात? ती फक्त आपली वाढत राहतात आणि रोपाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. मत्तयाच्या १३व्या अध्यायात प्रभूने त्या झुडपांचं नावही सांगितलं आहे, संसाराची चिंता आणि द्रव्याचा मोह.

मला हे कळलं ते एका नाताळात. कॅरलचा गट आणि लहान मुलांचं नाटुकलं, दोन्ही माझ्याकडे होतं. नोव्हेंबरपासून पंखांचं कापड, गोंडे, मेंढपाळांचे फेटे, कोणाच्या घरी किती वाजता जायचं आणि तिथे करंज्या मिळणार की नुसता चहा, याच्यातच मी होते. कार्यक्रम छान झाला. २६ तारखेला सकाळी शांतपणे खुर्चीत बसले आणि लक्षात आलं की नाताळाआधीच्या पूर्ण आगमनकाळात मी एकदाही, अगदी एकदाही, मनापासून प्रार्थना केलेली नव्हती. ज्याच्या येण्याची तयारी चालली होती त्याच्याशी बोलणं सोडून बाकी सगळं केलं होतं. पाहुणचाराच्या धावपळीत प्रभूजवळ बसायचं राहून गेलेल्या मार्थेची गोष्ट मी शब्बाथशाळेत मुलांना दहा वेळा शिकवली असेल. स्वतः मार्था झाले तेव्हा ओळखलं नाही.

म्हणून नव्यांना मी एवढंच सांगते की वाईट गोष्टींवर पहारा ठेवायला घरचे, शेजारचे, मंडळीतले सगळे मदत करतात. चांगल्या गोष्टींवरचा पहारा मात्र स्वतःलाच द्यावा लागतो. आता तो कसा, ते क्रमाने.

पहिली पायरी: वेळ आणि जागा

"वेळ मिळेल तेव्हा करू" असं म्हणाल तर पुढच्या नाताळपर्यंत होणार नाही. वेळ ठरलेली हवी आणि ती आधीच रिकामी असलेली हवी. माझी वेळ म्हणजे तुर्भ्याहून ठाण्याला येणारी संध्याकाळची गाडी. वीस-बावीस मिनिटं. बसायला मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर कडी धरून. डबा शांत नसतो, कोणी मटार सोलत असतं, कोणी व्हिडिओ कॉलवर घरच्यांना आमटीची फोडणी सांगत असतं. चालतं. त्या गोंगाटात एक एकांत असतो, कारण कोणाला आपल्याशी बोलायचं नसतं.

ज्यांची नोकरी घरून चालते किंवा जे स्वतःच्या गाडीने जातात, त्यांनी दुसरी जागा शोधावी. तलावपाळीचा कट्टा आहे. तिथेच जवळ सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे. कॅथलिक नसलात तरी मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्याला कोणी हटकत नाही, फक्त दार कधी उघडं असतं ते विचारून घ्या. घरी करणार असाल तर अंथरुणात करू नका. मी करून पाहिलं आहे. पहिल्या मिनिटात आभार, दुसऱ्यात घोरणं.

फोन विमान मोडवर टाका. बायबल फोनमध्येच आहे, ही सबब मला माहीत आहे, मीही ती वापरते. एक छोटी वही आणि पेन्सिल पुरते.

जाता जाता एक सांगते. १३२१ साली याच ठाण्यात टॉलेंटिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती असे चार फ्रान्सिस्कन संन्यासी आपल्या विश्वासापायी मारले गेले. नंतर त्यांच्याच संघाचा पोर्देनोनेचा ओदोरिक इथे आला आणि त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन चीनकडे गेला. स्टेशनाबाहेरच्या रिक्षाच्या रांगेत उभी असताना कधी कधी ते चौघं मला आठवतात. माझ्याकडून कोणी प्राण मागितलेले नाहीत, वीस मिनिटं मागितली आहेत, आणि ती देताना माझी किती कुरकुर.

दुसरी पायरी: जमेची बाजू आधी

आत्मपरीक्षण म्हटलं की बहुतेक जण सरळ चुका मोजायला बसतात. दोन दिवस मोजतात, तिसऱ्या दिवशी कंटाळतात. इथे मी एका जुन्या माणसाची पद्धत वापरते. इग्नेशियस लोयोला हा स्पेनचा सैनिक. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्याचं मन पालटलं. त्याने लिहिलेली साधनेची पुस्तिका १५४८ मध्ये छापली गेली, आणि तिच्यात रोजच्या परीक्षणाचे पाच टप्पे आहेत. पहिला टप्पा आभाराचा. मग देवाकडे प्रकाश मागायचा, मग दिवस तपासायचा, मग क्षमा मागायची, आणि शेवटी उद्यासाठी निश्चय.

मी नगरकडच्या प्रोटेस्टंट घरातली. आमच्या आजीला हे कॅथलिक नाव ऐकवलं असतं तर तिने भुवया उंचावल्या असत्या. पण ख्रिस्तपुराण मराठीत रचणारा थॉमस स्टीफन्स इग्नेशियसच्याच येशूसंघातला, म्हणजे जेझुइट, हे सांगितल्यावर ती गप्प बसली असती, कारण मराठीवर तिचं भारी प्रेम. चांगली पद्धत कोणाच्या कपाटातून आली हे मी फार बघत नाही.

आभार मोघम नकोत. "आरोग्य दिलंस, कुटुंब दिलंस" असं म्हटलं की मन पाठांतराच्या रुळावर जातं. आजचंच काहीतरी हवं, बारीक आणि खरं. दुपारी हमालाने पाणी आणून दिलं. ज्याची उधारी बुडाली असं धरलं होतं त्याने चेक पाठवला. खिडकीतून खाडीवर फ्लेमिंगो दिसले. तीन गोष्टी सापडल्या की पुढे जा.

तिसरी पायरी: दिवसाची रोजकीर्द

इग्नेशियसने तिसऱ्या टप्प्यासाठी वापरलेला शब्द माझ्या धंद्यातला आहे. तो म्हणतो, जिवाकडून हिशेब मागा. उठल्यापासून आत्तापर्यंत, तासातासाने, आधी विचारांचा, मग शब्दांचा, मग कृतीचा.

मी हे स्टेशनांवर बसवून घेतलं आहे. तुर्भ्याला गाडी सुटली की आभार. कोपरखैरणे आलं की १३९व्या स्तोत्राच्या शेवटच्या दोन ओळी मनात म्हणते, देवा, माझी झडती घे, माझं मन जाण. हा टप्पा गाळू नका. आपण स्वतःच पंच होऊन बसलो की एकतर सगळं माफ करतो नाहीतर सगळ्याला फाशी देतो. घणसोलीला सकाळ आठवायची, रबाळ्याला दुपार, ऐरोलीला त्यानंतरचं. दिघा गावला क्षमा मागायची. आणि खाडीच्या पुलावर गाडी चढली की उद्याचं. तुमचा रस्ता वेगळा असेल तर तुमच्या खुणा शोधा. घोडबंदरवरून येणाऱ्यांना तर मानपाडा ते कापूरबावडी एवढ्यात आठवड्याचं परीक्षण होईल, अशी तिथली वाहतूक आहे.

दिवस तपासताना काय शोधायचं? "पाप शोधा" असं मी नव्यांना सांगत नाही, कारण ओळखीची चार पापं सापडली की ते थांबतात. मन कुठे जड झालं आणि कुठे हलकं झालं, ते शोधा. जड झालं त्या जागी थोडं थांबा आणि विचारा, त्या क्षणी मला काय हवं होतं? परवाचंच सांगते. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला शेटजींनी सगळ्यांदेखत शाबासकी दिली आणि माझा चहा कडू झाला. चहा तोच होता. मला हवी होती ती शाबासकी, पंचवीस वर्षं मेळ जुळवूनही न मिळालेली. हे ओळखायला मला कोपरखैरण्यापासून ऐरोलीपर्यंत यावं लागलं, कारण मधे मी स्वतःला समजावत होते की त्या मुलीने जीएसटीचं एक बिल चुकवलंय त्याचाच मला राग आहे.

आणखी एक, हिशेबवाल्यांना पटेल असं. चुकीची लिहिलेली नोंद सापडते. तिच्यावर लाल खूण करता येते. खरा घोळ करते ती राहून गेलेली नोंद, कारण ती वहीत नसतेच. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातला याजक आणि लेवी यांच्या रोजकीर्दीत त्या दिवशी एकही वाईट नोंद सापडली नसती. कोणाला मारलं नाही, लुटलं नाही, खोटं बोलले नाहीत. फक्त वाटेत जखमी पडलेल्या माणसाला बघून रस्त्याच्या पलीकडून गेले. म्हणून मी रोज एक प्रश्न वेगळा विचारते. आज मी कोणाच्या पलीकडून गेले? बहुतेक वेळा उत्तर घरातलंच निघतं.

चौथी पायरी: एका वेळी एकच

सुरुवातीच्या आठवड्यांत उत्साहाच्या भरात दहा दोष पकडून यादी करू नका. एक घ्या. इग्नेशियसने यासाठी एक साधी युक्ती दिली आहे. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा ओढायच्या, एक दुपारच्या जेवणानंतरच्या तपासणीची आणि एक रात्रीची. निवडलेल्या दोषात जितक्या वेळा पडलात तितके ठिपके रेघेवर. मग पहिली रेघ दुसरीशी ताडून पाहायची, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी. पडल्याक्षणीच छातीवर हात ठेवायचा, अशीही त्याची सूचना आहे. चारचौघांत असलात तरी कोणाला कळत नाही.

मी पहिल्यांदा निवडलेला दोष म्हणजे बोलणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तोडणं. सोमवारी अकरा ठिपके. मंगळवारी चौदा! मी वाईट झाले नव्हते, माझं लक्ष जायला लागलं होतं. पहिल्या आठवड्यात ठिपके वाढले तर घाबरू नका.

दोष निवडताना ठळक, मोजता येणारा निवडा. 'गर्व' असा ठिपका देता येत नाही. 'कोणी न विचारता स्वतःची बढाई सांगितली' असा देता येतो. 'मोबाइलचं वेड' मोजता येत नाही, 'जेवताना फोन उचलला' मोजता येतो. ज्यांना फोनचाच त्रास आहे त्यांना एक गंमत सांगते. मी रोज सकाळी सहा वाजता मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटात वचन टाकायचे. कमळावर, सूर्योदयावर, कबुतरावर छापलेलं. एका रविवारी कोणीतरी विचारलं, आजचं वचन फार लागलं हो, संदर्भ काय होता? मला आठवेना. मी ते वाचलंच नव्हतं, नुसतं पुढे ढकललं होतं.

पाचवी पायरी: दिवसभराचा वॉचमन

परीक्षण संध्याकाळचं. सावधपणा दिवसभराचा. नव्यांना हा भाग अवघड वाटतो, कारण 'जागृत राहा' म्हणजे सतत ताठ, सतत घाबरलेलं राहायचं अशी समजूत असते. पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात पाचव्या अध्यायात सावध असा, जागे राहा, असं म्हटलं आहे खरं, सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतो म्हणून. पण त्याच्या लगेच आधीचं वचन चिंता देवावर टाकायला सांगतं. दोन्ही एकत्र वाचा. चिंतेने डोळे तारवटलेला वॉचमन काही कामाचा नसतो.

वॉचमनचं उदाहरण माझं नाही. चौथ्या शतकात एव्हाग्रियस नावाचा एक संन्यासी कॉन्स्टँटिनोपलसारख्या राजधानीतलं मानाचं आयुष्य सोडून इजिप्तच्या वाळवंटात गेला आणि ३९९ साली तिथेच वारला. तो सांगतो, मनाच्या दारावर राखणदार व्हा, आणि येणाऱ्या प्रत्येक विचाराला विचारा, तू आमचा की शत्रूचा? हा प्रश्न मुळात बायबलमधल्या यहोशवाने यरीहोजवळ तलवार उपसून उभ्या असलेल्या पुरुषाला विचारलेला. आपल्या सोसायटीच्या गेटवर दुसरं काय चालतं? नाव, कुठून आलात, कोणाकडे जायचंय, किती वाजता बाहेर पडलात. वॉचमन पाहुण्याशी भांडत नाही, नोंद करतो आणि विचारतो. तेवढ्याने निम्मे फेरीवाले परत फिरतात. विचारांचंही तसंच. "हा मत्सर आहे" असं नाव दिलं की त्याचा अर्धा जोर जातो.

नावं द्यायला एव्हाग्रियसने आठ विचारांची यादी केली. खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, उदासी, क्रोध, आळसावलेला कंटाळा, पोकळ मोठेपणा आणि गर्व. पुढे पश्चिमेकडे यातूनच सात मुख्य पापांची यादी बनली. यातल्या सहाव्यावर त्याने जे लिहिलं आहे ते वाचून मला वाटलं, हा माणूस आमच्या पेढीवर येऊन गेला असावा. त्याला तो दुपारचा सैतान म्हणतो. सकाळी दहाच्या सुमारास येतो, दोनपर्यंत छळतो. सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा होतो. संन्यासी सारखा खिडकीकडे बघतो, खोलीबाहेर येऊन जेवणाच्या वेळेला किती अवकाश आहे ते सूर्यावरून ताडतो, कोणी भेटायला येतंय का बघतो. मग त्याला वाटायला लागतं की इथल्या लोकांचं माझ्यावर प्रेमच नाही, दुसरीकडे गेलं तर बरं. त्या खिडकीच्या जागी सहा इंची काच ठेवा, बाकी एक शब्द बदलावा लागत नाही. आपण फोन मजेसाठी उचलतो असं म्हणतो. दुपारी तीनच्या सुमारास स्वतःकडे बघा, मजा कुठेच नसते. जिथे आहोत तिथे नसावंसं वाटतं, एवढंच असतं.

उपाय? जागेवर टिकून राहणं आणि हातातलं लहान काम पुरं करणं. मी फोन उचलावासा वाटला की आधी समोरचं एक व्हाउचर पुरतं लिहिते. मग हवा असेल तर फोन. बऱ्याचदा नको असतो.

दिवसातल्या कोणत्या वेळा धोक्याच्या, हे प्रत्येकाने स्वतःचं शोधावं. मार्कच्या १३व्या अध्यायात प्रभू पहाऱ्याच्या चार वेळा सांगतो. घरधनी संध्याकाळी येईल, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की पहाटे, तुम्हाला ठाऊक नाही. त्याच शुभवर्तमानाची पुढची पानं उलटली की त्याच चार वेळा पुन्हा येतात. संध्याकाळी शेवटचं भोजन, रात्री गेथशेमाने बागेत तिघं शिष्य झोपलेले, कोंबडा आरवताना पेत्राचा नकार, सकाळ होताच पिलाताकडे नेणं. शिष्य चारही वेळा कमी पडले. माझी वाईट वेळ मध्यरात्रीची. जेवणं, भांडी आटोपली की 'आता पाच मिनिटं माझी' म्हणून रील उघडते आणि पाऊण तास जातो. म्हणून फोन आता स्वयंपाकघरात चार्जिंगला असतो आणि गजराला साधं घड्याळ आणलं आहे. आध्यात्मिक उपाय वाटत नाही ना? पण लागू पडला.

सहावी पायरी: फार झालं तर थांबा

काही जणांना ही साधना उलटी लागते. जी माणसं मुळात हळवी, घाबरट, त्यांना प्रत्येक विचारात पाप दिसायला लागतं. क्षमा मागितली तरी पुन्हा मागावीशी वाटते, नीट मागितली का, मनापासून मागितली का. इग्नेशियस स्वतः यातून गेला आहे. मान्रेसा गावात असताना तो जुनी पापं पुन्हापुन्हा उकरून कबूल करत राहिला. तरी समाधान होईना, शेवटी जीव द्यावा असंही त्याच्या मनात आलं. सुटला तो अशा वेळी की जेव्हा त्याने ठरवलं, मागची पापं पुन्हा उकरायची नाहीत.

इथे माझं हिशेबाचं उदाहरण मोडतं. पेढीवर मेळ जुळेपर्यंत मी उठू शकत नाही. पण ही वही माझ्याने कधीच जुळणार नव्हती. कलस्सैकरांच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात पौल लिहितो, आपल्या विरुद्धचा लेख त्याने खोडला आणि वधस्तंभाला खिळून टाकला. खोडलेल्या खात्यावर व्याज लावत बसायचं नसतं. तुमचं परीक्षण रोज अर्ध्या तासाच्या वर जात असेल, त्याने झोप उडत असेल, हात धुण्यासारखं तेच तेच करावं लागत असेल, तर महिनाभर बंद ठेवा. फक्त आभाराची पायरी करा. आणि पाळकांशी बोला तसं डॉक्टरांशीही बोला. मनाच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी, असं आपल्या मंडळ्यांत अजून काही जण म्हणतात. ते चूक म्हणतात.

याला जोडूनच प्रभुभोजनाचं. पहिल्या करिंथकरांच्या ११व्या अध्यायात पौल सांगतो, माणसाने आत्मपरीक्षण करावं आणि मग त्या भाकरीतून खावं. 'मग खावं' असं आहे. परीक्षण करून लाजेने मागच्या दाराने निघून जावं, असं तिथे लिहिलेलं नाही. माझ्या ओळखीची एक बाई सूनेशी भांडण झालं म्हणून दोन वर्षं मेजावर गेली नाही. भांडण मिटवायला लागले असते दोन फोन.

सातवी पायरी: एका माणसाला सांगा

एकट्याने केलेलं परीक्षण हळूहळू सोयीचं होत जातं. कॅथलिकांकडे यासाठी कुमसार, म्हणजे धर्मगुरूजवळ पापांची कबुली, आहे आणि गंभीर पापं वर्षातून निदान एकदा तरी कबूल करावीत असा चर्चचा नियम आहे. आपल्याकडे तशी सोय नाही, पण याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ पापं कबूल करा असं स्पष्ट आहे. मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीने १७३८ साली, चक्क नाताळच्या दिवशी, छोट्या गटांसाठी नियम लिहिले ते याच वचनाच्या आधाराने. आठवड्यातून एकदा जमायचं आणि प्रत्येकाला विचारायचं: मागच्या भेटीनंतर कळून सवरून कोणतं पाप केलंस? कोणते मोह आले? त्यातून कसा सुटलास? आणि असं काय केलंस की ज्याच्याबद्दल तुलाच खात्री नाही, पाप की नाही? हा चौथा प्रश्न मला सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण चांगल्या गोष्टींचा जडपणा याच खिडकीतून दिसतो.

एवढं कडक नको असेल तर एक माणूस पुरे. नवरा किंवा बायको नको, त्या नात्यात आधीच बरेच हिशेब असतात. तोंड बंद ठेवणारी, तुमच्या मंडळीच्या राजकारणात नसलेली, बाईला बाई आणि पुरुषाला पुरुष, अशी व्यक्ती शोधा. मी नेरुळच्या एका मैत्रिणीला शनिवारी रात्री फोन करते. दहा मिनिटं. ती उपदेश करत नाही. "बरं, मग?" एवढंच म्हणते. तिच्या "बरं, मग?" ला मी भल्या भल्या प्रवचनांपेक्षा जास्त घाबरते.

एक प्रश्न राहिला, जो त्या मुलीने पुढच्या रविवारी विचारला. गाडीत मधेच डोळा लागला तर?

लागतो. माझाही आठवड्यातून एकदा लागतोच, बहुतेक रबाळ्याच्या आसपास. गेथशेमानेत प्रभू तीनदा आला आणि तिन्ही वेळा शिष्य झोपलेले होते. देह अशक्त आहे हे त्याने त्यांच्या वतीने स्वतःच म्हणून टाकलं, आणि तिसऱ्यांदा "उठा, चला" म्हणून बरोबर घेऊन निघाला. वहीत त्या दिवशीची रेघ रिकामी ठेवा, ठिपका देऊ नका. आणि निजल्याने स्टेशन चुकेल याची काळजी करू नका. आपली गाडी ठाण्यालाच संपते. डबा रिकामा होताना खांद्याला हलवून "ताई, ठाणा आलं" म्हणणारं कोणीतरी असतंच. उद्या आभार मानताना ती बाई पहिली.